सुमारे सत्तेचाळीस मिनिटं

पाऊस काही न सांगता आला नव्हता. सकाळपासून आभाळ भरलेलं होतं आणि तिने ते खिडकीतून पाहिलंही होतं. छत्री मात्र दारामागेच राहिली. त्यामुळे कारखान्याचं फाटक समोर दिसत असताना तिला सायकलींच्या शेडखाली थांबावं लागलं. तिथे आधीच एकजण उभा होता. स्वतः खांद्यापर्यंत भिजलेला, पण छातीशी धरलेल्या कापडी पिशवीवर त्याने आपलं जाकीट पांघरलं होतं, तान्ह्या बाळाला घेऊन निघाल्यासारखं.

“किती वेळ चालेल हा?” पावसाकडे बघत त्याने विचारलं.

“माहीत नाही.”

“अंदाजे?”

“अंदाजालाही काहीतरी आधार लागतो.”

त्याने मान वर करून आभाळ पाहिलं. “दहाएक मिनिटं,” तो म्हणाला, जणू वरून कुणी निरोप दिला होता.

तिने घड्याळ पाहिलं. पाऊस थांबल्यावर पुन्हा पाहिलं.

“सव्वीस,” ती म्हणाली. “तुम्ही दहा म्हणाला होतात.”

“दहाएक म्हणालो होतो. त्या ‘एक’मध्ये पुष्कळ मावतं.”

तिला हसू आलं, पण तिने ते चेहऱ्यापर्यंत पोचू दिलं नाही. फाटकापाशी मोठं डबकं साचलं होतं. त्याने दोन पावलं मागे घेतली, नजरेने अंतर जोखलं, उडी मारली आणि बरोबर मधोमध उतरला.

“एवढंच मावलं नाही वाटतं,” ती काठाकाठाने जात म्हणाली.

तो कारखाना दिव्यांचे काचेचे ग्लोब बनवायचा. रंगीत काच फुंकून ग्लोब करायचा आणि मग निववण्याच्या भट्टीत ठेवून त्याला सावकाश थंड होऊ द्यायचं. इथे घाई चालत नाही. काच आतून ताण धरते, वरून हसरी दिसते आणि एके दिवशी तडकते. तिचं काम प्रयोगशाळेतलं. सहा महिन्यांच्या उमेदवारीवर ती लागली होती, त्यातले पाच संपत आले होते. पहिल्याच दिवशी भट्टी सांभाळणाऱ्या म्हाताऱ्या काकांनी, सगळ्यांच्या भट्टीकाकांनी, तिला वेळ विचारली आणि तिने “दहा बेचाळीस” असं उत्तर दिलं, तेव्हापासून अख्खा कारखाना तिला ‘दशांश’ म्हणत होता. काकांचं म्हणणं, पावणेअकरा म्हणायला तोंड दुखत नाही.

ऑफिसात पोचली तर डबक्यात उतरलेला तो माणूस बाईंच्या समोर बसला होता. बाई म्हणजे मालकीण. पिशवीतून निघालेली निळ्या पुठ्ठ्याची वही टेबलावर होती, कोरडी ठणठणीत.

“हे आपले दुभाषी,” बाई म्हणाल्या. “तुर्की आणि इंग्रजी, दोन्ही येतं यांना. आणि ही आमची प्रयोगशाळा.”

“भेट झालीय,” तो म्हणाला. “साधारण सव्वीस मिनिटं.”

बाईंनी परदेशातला एक बंद पडलेला काचेचा कारखाना सामानासकट घेतला होता. त्यात एक भट्टी आली आणि तिच्यासोबत ही वही. ती भट्टी तीस वर्षं चालवणाऱ्या उस्तादांनी ती तुर्कीत लिहिली होती. काही पानांवर त्यांच्या जावयाने तेच इंग्रजीत लिहून ठेवलं होतं. उस्ताद आता हयात नव्हते. म्हणजे जे काही होतं ते वहीत.

“हे वाचून सांगतील, तुम्ही तक्ता करायचा,” बाई तिला म्हणाल्या. “किती तापवायचं, किती वेळ ठेवायचं, कधी उतरवायचं. महिनाअखेर अंबर रंगाचे ग्लोब तडा न जाता निघाले, की तुमच्या कायम होण्याच्या कागदावर सही करते.”

“आणि नाही निघाले तर?”

“तर मला दुसरं कुणीतरी बघावं लागेल,” बाई अगदी साध्या आवाजात म्हणाल्या. त्यात धमकी नव्हती, आणि म्हणूनच ते जास्त लागलं. घरी आईने ती कायम झाल्याचं मावशीला कधीच सांगून टाकलं होतं.

दुसऱ्या दिवसापासून तो रोज दुपारी प्रयोगशाळेत येऊ लागला. तो वाचायचा, ती चौकटी भरायची. किंबहुना, भरायचा प्रयत्न करायची.

“‘मग उच्-बेश मिनिटं थांबावं.’”

“म्हणजे?”

“शब्दशः तीन-पाच.”

“तीन की पाच?”

“दोन्ही नाही. थोडीशी मिनिटं.”

“मग थोडीशी का नाही लिहिलं?”

त्याने पेन्सिल कानामागे खोचली. “काल तुमच्याकडे दोन-चार लोक आले होते, असं तुम्ही म्हणालात, तर दोन आले होते की चार?”

“तीन,” ती म्हणाली.

तो इतका हसला की पलीकडच्या खोलीतून भट्टीकाका डोकावून गेले.

उस्तादांचं सगळंच असं. सामान घ्यायचं ते ‘खाली-वर’ अमुक इतकं. ‘दहा मिनिटं फलान.’

“हा फलान आपला फलाणाच,” त्याने सांगितलं. “एकाच घरातले. आपल्याकडे त्याला माणसांच्या नावाच्या जागी बसवलं, तिकडे तो ‘वगैरे’ होऊन आकड्यांच्या मागे फिरतो.”

“आणि जावई?”

“जावई वेगळ्या वळणाचा. इंग्रजीत आकड्याला शेपूट लावायची सोय आहे. रंग लाल नसून लालसर असतो ना, तसं तो सात नाही लिहीत… सातसर लिहितो.”

“सातसर.” तिने तो शब्द एकदा म्हणून पाहिला. वाईट नव्हता. पण चौकटीत सातसर कसा लिहिणार? तिने पेन खाली ठेवलं. “हे बघा, मला यातून भट्टी पेटवायचीय. भट्टीला फलान कळत नाही.”

“उस्तादांच्या भट्टीला कळत होतं.”

“उस्ताद कायम होते.”

त्याने पान उलटलं. नंतर वाचताना मात्र दोन-तीनदा त्याने तिच्याकडे पाहिलं. ती मान खाली घालून लिहीत होती, त्यामुळे नक्की किती वेळा ते सांगता येत नाही.

शुक्रवारी बाई तक्ता बघायला आल्या. तो तिथेच खिडकीशी बसला होता. बाईंनी पान उलटलं, पुन्हा उलटलं.

“सतरा चौकटी रिकाम्या?”

“वहीत तिथे आकडा नाहीये.”

“आकडा नाही म्हणून तर तुम्हाला ठेवलंय. नुसतं वाचून दाखवायला हे आहेत की.” बाई आवाज चढवत नसत. “मला वाटलं होतं तुमच्या हाताला वेग असेल.”

त्या गेल्यावर तिने सतरा चौकटी पुन्हा एकदा मोजल्या. सतराच निघाल्या. डोळ्यांत पाणी आलं होतं की नाही, हे तिने तपासलं नाही.

सोमवारी तो आला आणि वही उघडून म्हणाला, “इथून पुढची पानं उस्तादांनी नीट लिहिलेली दिसताहेत.”

“म्हणजे?”

“‘सत्तेचाळीस मिनिटं ठेवावं.’”

तिने वर पाहिलं. मग पहिल्यांदाच, पूर्ण आणि उघडपणे हसली. “बघा. मनावर घेतलं की जमतं माणसाला.”

“जमतं,” तो म्हणाला, आणि खिडकीबाहेर बघू लागला.

त्या आठवड्यात काम पाण्यासारखं पुढे गेलं. त्रेसष्ट मिनिटं. सत्तावीस चमचे. पाचशे सदतीस अंश. चौकटी भरत गेल्या तशी ती बोलकी होत गेली. तिने त्याला सांगितलं की लहानपणी ती जिन्याच्या पायऱ्या मोजल्याशिवाय चढत नसे. त्याने सांगितलं की त्याची आजी नातवंडांची संख्या विचारली की “देवाच्या दयेने बरीच” असं म्हणायची, आणि मोजली तर पाचच निघायची. दोघं एकाच बाकावर चहा प्यायचे. कप ठेवताना त्याचा हात कधी तिच्या हाताच्या फार जवळ यायचा, आणि दोघंही तो तिथून हलवायला जरा उशीर करायचे…

भट्टी पेटली. बारा ग्लोब आत गेले, तक्त्याबरहुकूम. सकाळी काकांनी दार उघडलं तेव्हा ते मधासारखे चमकत होते. मग एकाने बारीक आवाज केला, नखाने नख मोडल्यासारखा. मग दुसऱ्याने. अर्ध्या तासात बाराच्या बारा तडकले.

बाईंनी तडकलेल्या ग्लोबकडे पाहिलं, तिच्याकडे नाही. “चूक कुठे झाली ते उद्या सकाळी सांगा,” एवढंच म्हणाल्या.

तिने भट्टीचा तापमापक तपासला. तो ठीक होता. काच तपासली. तीही ठीक होती. उरला तक्ता. वहीतलं तुर्की तिला वाचता येत नव्हतं, उस्ताद आकडेही अक्षरांत लिहीत; पण तक्त्यात उतरवलेले आकडे वाचता येत होते. आणि दुपारी चारच्या सुमारास, दुसरं काही सुचेना म्हणून, तिने प्रत्येक आकड्याचा फक्त शेवटचा अंक एका कागदावर उतरवून काढला. पहिल्या एकतीस पानांत जे थोडे मोठे आकडे होते ते सगळे शून्यावर किंवा पाचावर संपत होते. त्यापुढच्या पानांत चौसष्ट आकडे. त्यातले एकोणीस सातावर संपत होते, चौदा तिनावर. शून्यावर संपणारा फक्त एक.

तिने त्या कागदाची घडी घातली. मग उठली आणि त्याच्या खोलीवर गेली. वह्या-पेन्सिलींच्या दुकानावरचा मजला, जिना लाकडी. पायऱ्या तिने मोजल्या नाहीत.

तो शब्दकोशांच्या गराड्यात बसला होता. तिने कागद त्याच्यासमोर ठेवला.

“हे काय?”

“तुमचे शेवटचे अंक.” ती उभीच राहिली. “माणूस खराखुरा अंदाज सांगतो ना, तेव्हा त्याचे आकडे पाचा-दहावर येऊन बसतात, तारेवर कावळे बसावेत तसे. आकडा रचणाऱ्याला शून्य नि पाच खोटे वाटतात. तो सात घेतो. सात फार झाले की तीन.”

त्याने कागद पाहिला. नाकारायचा प्रयत्नही केला नाही, आणि ते तिला बरं वाटलं की वाईट हे तिलाच ठरवता आलं नाही.

“त्या शुक्रवारी बाई तुम्हाला बोलल्या,” तो म्हणाला. “नंतर तुम्ही त्या चौकटी पुन्हा मोजल्यात… मला ते बघवलं नाही. वाटलं, एकच आकडा टाकू. ‘ग्लोबच्या ओठावरची चमक मावळेपर्यंत’ असं लिहिलंय तिथे. मी सत्तेचाळीस म्हणालो. आणि तुम्ही हसलात.”

“मग?”

“मग पुढचं पान आलं.”

“म्हणजे माझ्या हसण्यापायी बारा ग्लोब गेले.”

“तुमच्या नाही. माझ्या.” त्याने एक कोरा कागद ओढला. “मी लिहून देतो. बाईंना दाखवा. तुमच्यावर काही यायला नको.”

तो लिहीत असताना ती खाली रस्त्याकडे बघत होती. राग होता, चांगला घट्ट होता. पण त्या रागाच्या तळाशी काहीतरी टोचत होतं आणि ते काय आहे हे शोधल्याशिवाय तिला राहवेना. एकतीस पानं ज्या म्हाताऱ्याला घड्याळाची गरज पडली नाही, तो बत्तिसाव्या पानावर सत्तेचाळीस मिनिटं मोजतो, यात तिला काहीच कसं खटकलं नाही? कॉलेजात असा आकडा कुणी दाखवला असता तर तिने त्याला फाडून खाल्लं असतं. इथे हवा होता तोच आकडा आला, म्हणून तिने त्याला दारात विचारलंदेखील नाही.

सकाळी तिने बाईंपुढे त्याचा कागद ठेवला, आणि त्याच्याशेजारी आपला.

“हे त्यांचं. त्यांनी आकडे रचले. हे माझं. मी ते तपासले नाहीत. तपासायला एक दुपार पुरली असती, काल पुरलीच.”

“हा दुसरा कागद तुम्ही दिला नसतात तरी चाललं असतं,” बाई म्हणाल्या.

“तुम्ही चूक कुठे झाली असं विचारलं होतं. दोन ठिकाणी झाली.”

बाईंनी चष्मा काढून पुसला. “किती दिवस हवेत?”

“नऊ. आणि दुभाषी हवेत.”

“तेच?”

“खोटं कुठे-कुठे आहे ते त्यांनाच माहीत आहे.”

“बरं. एवढं काम संपलं की मात्र त्यांना इथे दुसरं काम मिळणार नाही. ते तुम्हीच सांगा.”

तिने सांगितलं. त्याने मान हलवली आणि वही पहिल्या पानापासून उघडली.

या वेळी तक्त्यात एक स्तंभ वाढला होता. मथळा: ‘किती सैल’. उस्तादांचा प्रत्येक ‘सुमारे’ जसाच्या तसा ठेवायचा आणि तो किती ताणता येतो ते शोधायचं. जिथे एकच कृती दोन्ही भाषांत होती तिथे सासरे आणि जावई शेजारी-शेजारी ठेवायचे. सासरे ‘पाच-दहा’ म्हणत तिथे जावई ‘आठसर’ म्हणत होता. अंबर रंगासाठी उस्तादांनी सांगितलेल्या ‘मूठभर’ कोळशाच्या भुकटीकरता तिने भट्टीकाकांना तीस वेळा मूठ भरायला लावली आणि प्रत्येक मूठ तोलली.

“कशाला एवढ्या?” काका विसाव्या मुठीला म्हणाले.

“मूठ किती बदलते ते बघायचंय.”

“मूठ नाही बदलत. माणसं बदलतात.” काकांनी काळे हात झटकले आणि त्याच्याकडे वळले. “आमच्या दशांशाशी खोटं बोललात म्हणे? अहो, ते म्हणजे तराजूवर उभं राहून पोट आत घेण्यासारखं आहे.”

तो ओशाळला. तिने वजन लिहून घेतलं. तीसही मुठी एकमेकींच्या इतक्या जवळ होत्या की तिला यंत्राचाच संशय आला.

“तुमच्या माहितीसाठी,” काका गेल्यावर ती म्हणाली, “मी अजून रागावलेली आहे.”

“किती?”

“ते मोजायला वेळ नाहीये.”

सहाव्या दिवशी तिच्या लक्षात आलं. ती ‘सैल’चा स्तंभ वरून खाली वाचत होती आणि मध्येच थांबली.

“‘बरोब्बर’ हा शब्द उस्तादांनी कुठे वापरलाय?”

त्याने पानं चाळली. पुन्हा चाळली. “एकदाच. दार बरोब्बर सहा तास उघडायचं नाही.”

“म्हणजे त्यांना नेमकं लिहिता येत होतं.”

“येत होतं.”

“मग बाकीचं त्यांना जमलं नाही म्हणून सैल नाहीये.” ती हळूहळू बोलत होती, हाताने भिंत चाचपत जावं तशी. “‘थोडीशी मिनिटं’ याचा अर्थ, इथे मिनिटांकडे बघू नकोस. मिनिटांनी काही बिघडत नाही. आणि जिथे बिघडतं…”

“तिथे त्यांनी एक वेगळाच शब्द ठेवलाय,” तो म्हणाला. “ग्योझ करारी. डोळ्याचा निर्णय.”

“किती ठिकाणी?”

“चार. आणि चारही ठिकाणी…” त्याने घसा साफ केला. “मी तिथे सात घातलेत.”

दोघं एकमेकांकडे बघत राहिले. मग ती हसली. राग अजून होता, पण हसू त्याच्या शेजारी येऊन बसलं. त्यानंतर दोघं एकमेकांना ‘अरे’ आणि ‘अगं’ कधी म्हणू लागले हे भट्टीकाकांनाच तेवढं ठाऊक.

नवव्या दिवशी भट्टी पुन्हा पेटली. चारही वेळा भट्टीच्या भोकाला डोळा लावून ग्लोबच्या ओठाकडे बघायचं काम काकांनी केलं; ती घड्याळ पाठीमागे धरून उभी होती. दार बरोब्बर सहा तास बंद राहिलं. दुसऱ्या दिवशी दुपारी बारा ग्लोब बाहेर आले आणि सगळे तासभर त्यांच्याभोवती उभे राहिले, आजाऱ्याच्या खाटेभोवती उभं राहावं तसे. एकाने आवाज केला. बाकीच्या अकरांनी केला नाही.

“एक गेला,” ती म्हणाली.

“एखादा उस्तादांचाही जायचा,” काका म्हणाले.

बाईंनी अकरा ग्लोब स्वतः हातात घेऊन उजेडाला धरले. मग पेन मागितलं.

सही झालेला कागद घेऊन ती प्रयोगशाळेत आली तेव्हा तो शब्दकोश पिशवीत भरत होता. वही टेबलावर होती. ती आता कारखान्याचीच.

“झालीस कायम?”

“झाले.”

“आईला सांग.”

“आईला हे दोन महिन्यांपूर्वीपासून माहीत आहे.”

तो हसला, पिशवीचा बंद ओढला, सोडला. “मला काहीतरी सांगायचं होतं. पण माझ्या शब्दाचं तुझ्याकडे आता काय वजन आहे ते मला कळतं. म्हणून… राहू दे.”

“सांग. मी तपासून घेईन.”

“हे तपासता येणार नाही.”

खालच्या मजल्यावर कुणीतरी पेट्या ओढत होतं.

“तू मला आवडतेस,” तो म्हणाला. “कधीपासून, ते नीट सांगता येत नाही. किती, तेही नाही. साधारण…” तो थांबला. “नाही. साधारणही सांगता येत नाही. माहीत नाही मला.”

तिने ते उत्तर, तिच्या सवयीप्रमाणे, सगळ्या बाजूंनी पाहिलं. तिला खूश करायला चौसष्ट आकडे रचणाऱ्या माणसाला आता एखादं वाक्य रचणं जड नव्हतं. जन्मोजन्मीचं, पहिल्या क्षणापासूनचं, आभाळाएवढं, असं काहीही तिने या घडीला ऐकून घेतलं असतं, आणि ते त्यालाही दिसत असणार. त्याने तसं काही केलं नव्हतं. तो पिशवी धरून उभा होता आणि त्याचे कान लाल झाले होते.

“मलाही,” ती म्हणाली. “आणि मी अजून थोडी रागावलेली आहे.”

“थोडी म्हणजे…”

“विचारू नकोस.”

“नाही विचारत.”

“उद्या सुट्टी आहे,” ती टेबलावरचे कागद उगाचच सरळ करत म्हणाली. “कालव्याजवळ बाग आहे, तिथे बाकं आहेत. ये.”

“किती वाजता?”

“संध्याकाळच्या सुमारास.”

तो तिच्याकडे बघतच राहिला. “म्हणजे किती?”

“म्हणजे संध्याकाळच्या सुमारास.”

दुसऱ्या दिवशी ती घरातून निघाली तेव्हा आईने विचारलं, एवढ्या उन्हाची कुठे? ती म्हणाली, जरा चालून येते. कालव्याचं पाणी उन्हात पांढरं दिसत होतं. बागेत झाडांच्या सावल्या अजून झाडांच्या पायाशीच होत्या. बाकावर तो बसलेला होता. त्याच्या शेजारी चहाचे दोन रिकामे कप होते, दोन्ही त्यानेच प्यायलेले. तिला बघून तो गडबडीने उभा राहिला, मग पुन्हा बसला आणि कप उचलून तिच्यासाठी जागा केली.

संध्याकाळ व्हायला अजून बराच अवकाश होता.